लॅपटॉप बिघडलेला नसतो, फर्मवेअर चुकीचं सांगत असतं! लिनक्स त्यावर काय तोड काढतं?

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. कट्ट्याला (ता. मालवण) आमच्या घरी पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर मग लिनक्स टाकलं. सगळं चाललं, फक्त स्क्रीनचा ब्राइटनेस कमी-जास्त होईना. "बोर्ड गेला, नवीनच घे," असा सल्ला मिळाला. बोर्ड ठणठणीत होता.

नेमकं होतं काय?

यूएसबीला लावलेला माउस स्वतःची ओळख स्वतः देतो. बॅटरी, लॅपटॉपचं झाकण, ब्राइटनेस यांचं तसं नसतं. त्यांची माहिती मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर (ज्याला आपण सरसकट बायोस म्हणतो) ऑपरेटिंग सिस्टिमला देतं. यासाठीचं एसीपीआय हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने डिसेंबर 1996 मध्ये आणलं. यात नुसती यादी नसते, छोटे प्रोग्रॅमही असतात आणि ते ऑपरेटिंग सिस्टिमला चालवावे लागतात. कंपन्या हे सगळं बहुतेक वेळा विंडोजवरच तपासतात. विंडोजवर न दिसणारी चूक तशीच बाजारात येते.

लिनक्सचं सोंग

फर्मवेअर विचारतं, "तू अमुक विंडोज आहेस का?" लिनक्स बिनदिक्कत "हो" म्हणतं! कारण तपासलेला कोड तेवढाच असतो. "तू लिनक्स आहेस का?" या प्रश्नाला मात्र ते 2007 पासून "नाही" म्हणतं. लिनक्ससाठी म्हणून ठेवलेल्या, कुणीच न तपासलेल्या कोडने फायद्यापेक्षा घोळच जास्त होत होता.

सोंग कधी अंगाशीही येतं. विंडोज 8 पासून ब्राइटनेस ग्राफिक्स ड्रायव्हर थेट सांभाळू लागला. समोर विंडोज 8 आहे असं समजलं, की काही लॅपटॉपमधला फर्मवेअरचा ब्राइटनेसवाला भाग नीट चालत नाही. अशा मॉडेल्सच्या अपवादांची यादी लिनक्सच्या कर्नलमध्येच असते. मॉडेलचं नावही फर्मवेअरच सांगतं म्हणा. काही असेंबल्ड पीसींमध्ये तर नावाच्या जागी 'उत्पादकाने भरावे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तसंच राहिलेलं असतं!

घरी काय करता येईल?

आधी कंपनीच्या साइटवर बायोस अपडेट आहे का ते बघा. पण ते करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. मध्येच वीज गेली आणि बॅटरीनेही दगा दिला, तर मशीन सुरूच होणार नाही. आमच्याकडे पावसात हे काम कुणी काढू नये.

अपडेट नसेल तर कर्नलच्या लॉगमध्ये 'फर्मवेअर बग' असा शिक्का मारलेली ओळ शोधा. मग ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीत हवा तो पर्याय जोडा. ब्राइटनेससाठी 'एसीपीआय बॅकलाइट' हा पर्याय 'नेटिव्ह' करायचा. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहा. जमलं तर ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा लिहा. आमचा लॅपटॉप एवढ्यावरच सुधारला.

जमल्यावर तुमचं मॉडेल कर्नलच्या डेव्हलपर्सना कळवा. ते अपवादांच्या यादीत गेलं, तर त्याच मॉडेलवाल्या पुढच्या माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही.