मुंबईच्या सागवानाची युद्धनौका

१८१७ हें साल वर्गांत शिकवितांना मी नेहमी खडकीच्या लढाईपाशीं थांबत असें. त्या वर्षीं ५ नोव्हेंबरला पेशवाईच्या अखेरीस आरंभ झाला. परंतु त्याआधीं अवघे चोवीस दिवस, १२ ऑक्टोबरला, मुंबईच्या गोदींत काय घडलें, हें मला कोणी शिकविलें नव्हतें आणि मींही मुलांना कधीं सांगितलें नाहीं. त्या दिवशीं इंग्रज आरमाराची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यांत उतरली. ती आजही पाण्यावर आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथें ती संग्रहालय होऊन उभी असून, तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांत तिच्याहून जुनी दुसरी नाहीं.

असलीं संग्रहालयें पाहण्याची आपली एक ठराविक रीत असते. तोफा पाहाव्या, कप्तानाच्या खोलींत डोकावावें, डोलकाठ्यांकडे मान वर करावी आणि उतरावें. पण तोफा नव्या बसवितां येतात. दोर, शिडें आणि रंग हे तर बदलावयाचेच असतात. नौकेचें खरें वय पाहावयाचें तर जाणत्या माणसाबरोबर, पाठ वांकवून, अगदीं तळापर्यंत उतरावें लागतें. तेथें कणा, त्यावर उभ्या केलेल्या बरगड्या आणि त्यांना घट्ट धरणाऱ्या फळ्या दिसतात. तेथें दर्यावर्दी वीरांपेक्षां सुतारच अधिक आठवतात.

हे सुतार मुंबईचे. सुरतेहून १७३६ मध्यें आलेल्या वाडिया घराण्यानें ही गोदी नांवारूपास आणली, आणि 'त्रिंकोमाली' बांधली ती जमशेटजी बमनजी यांनीं. कण्यांत रुप्याचा खिळा ठोकण्याचा पारशी रिवाज त्यांनीं स्वहस्तें पाळला. लांकूड मलबारचें सागवान. इंग्लंडांत नेपोलियनच्या युद्धांमुळें ओकाचा तुटवडा पडला होता, हें तर खरेंच. पण सागाचा गुण त्याहून मोठा. ओकांतील आम्लानें लोखंडी खिळे गंजतात, तर सागांतील तेल लांकडाला आणि खिळ्यालाही राखतें. दोनशें वर्षांनंतर ही नौका पाहावयास मिळते, त्याचें निम्में श्रेय मी तरी झाडाला देईन.

तिच्या जन्माआधींची हकीगत चमत्कारिक आहे. तिचे पहिले नकाशे 'जावा' नांवाच्या जहाजावरून मुंबईस येत होते. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्यापाशीं अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' नौकेनें 'जावा'चा पाडाव केला आणि नकाशे गेले. पुन्हां नकाशे मागवावे लागले. कणा घातला गेला तो १८१६ च्या एप्रिलमध्यें. त्याच 'जावा'वर मुंबईस नेमणुकीवर निघालेले सर टॉमस हिस्लॉप होते व तेही कैद झाले. पुढें ते सुटले, हिंदुस्थानांत आले आणि २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपुरास होळकरांचा पराभव करणारे सेनापति तेच! 'कॉन्स्टिट्यूशन' नौकाही आज बोस्टनच्या बंदरांत लोकांना पाहावयास मिळते.

'त्रिंकोमाली'नें लढाई फारशी पाहिली नाहीं. १८१९ मध्यें ती पोर्टस्मथला पोंचली तेव्हां नेपोलियन कैदेंत होता. मग १८४५ पर्यंत ती नुसतीच पडून राहिली. पुढें अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत तिनें चाकरी केली. १८९७ मध्यें ती मोडींत विकली गेली होती. परंतु व्हीटली कॉब नांवाच्या गृहस्थानें ती विकत घेऊन 'फुद्रॉयां' या नव्या नांवानें तिच्यावर मुलांना दर्यावर्दीपणाचे धडे देण्यास आरंभ केला. ही शाळा १९८६ पर्यंत चालली. नंतर हार्टलपूलला आणून, २००१ पर्यंत खपून, कारागिरांनीं तिला पूर्वरूप दिलें. जुनें नांव परत मिळालें तें १९९२ मध्यें.

नेमक्या त्याच २००१ सालीं मुंबईंत 'विक्रांत' ही आपली विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली होती. १९७१ च्या युद्धांत बंगालच्या उपसागरांत लढलेली ही नौका! २०१२ मध्यें तें संग्रहालय बंद झालें. दुरुस्तीचा खर्च कोणी उचलावयाचा, हा प्रश्न सुटला नाहीं. २०१४ मध्यें ती मोडीसाठीं विकली गेली आणि दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिचे तुकडे झाले. 'त्रिंकोमाली'ला १८९७ मध्यें गिऱ्हाईक भेटलें, तसें हिला भेटलें नाहीं.

मुंबईची ती जुनी गोदी आज नौदलाच्या ताब्यांत आहे व तिचे दरवाजे आपल्यासारख्यांना सहसा उघडत नाहींत. जमशेटजींच्या सुतारांचें काम जवळून पाहावयाचें असेल, तर हार्टलपूलचें तिकीट काढावें लागतें.