बिशप, प्रेस्बिटर व डीकन

प्रारंभिक ख्रिस्ती चर्चच्या विधिनियमांनी मान्य केलेली याजकवर्गाची तीन प्रमुख पदे. ‘एपिस्कोपोस’ (देखरेख करणारा), ‘प्रेस्बिटेरोस’ (वडील) व ‘डायाकोनोस’ (सेवक) या ग्रीक शब्दांपासून ही पदनामे आली. मराठी बायबलमध्ये त्यांसाठी अनुक्रमे अध्यक्ष, वडील व सेवक असे शब्द योजलेले आढळतात. पदांची ही उतरंड आरंभापासून सिद्ध नव्हती. पहिल्या पाच शतकांत ती क्रमाक्रमाने घडत गेली. ज्या नियमांनी बिशपची सत्ता दृढ केली, त्याच नियमांनी ती बांधूनही घातली, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

उगम : नव्या करारात पहिल्या दोन पदांतील भेद स्पष्ट नाही. प्रेषितांची कृत्ये (अध्याय २०) या ग्रंथात इफिसच्या वडिलांनाच ‘अध्यक्ष’ म्हटले आहे, तर फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी केवळ अध्यक्ष व सेवक यांचा निर्देश आहे. दिदाखे या प्राचीन आचारग्रंथानुसार मंडळीने आपले बिशप व डीकन स्वतः निवडावयाचे असत. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात अँटिऑकचा बिशप इग्नेशस याच्या पत्रांत मात्र एक बिशप, त्याभोवती प्रेस्बिटरांचे मंडळ व साहाय्यास डीकन, अशी त्रिस्तरीय रचना दिसते. बिशपच्या संमतीवाचून बाप्तिस्मा देऊ नये, असा त्याचा आग्रह होता. तिसऱ्या शतकापर्यंत ही रचना बहुतेक सर्वत्र रूढ झाली.

दीक्षा व कार्ये : हिपॉलिटसच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अपॉस्टॉलिक ट्रॅडिशन या नियमग्रंथात तिन्ही पदांच्या दीक्षाविधींचे वर्णन येते. ग्रंथाचे कर्तृत्व व काळ यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. लोकांनी निवडलेल्या बिशपवर इतर बिशप हस्तारोपण करीत. प्रेस्बिटरच्या दीक्षेत बिशपसमवेत अन्य प्रेस्बिटरही हात ठेवीत. डीकनवर मात्र एकटा बिशपच हात ठेवी. डीकनला याजकत्वाची नव्हे, तर बिशपच्या सेवेची दीक्षा मिळते, असे याचे कारण तेथे दिले आहे.

ही सेवा नाममात्र नव्हती. दानद्रव्याची वाटणी, आजारी व गरजू यांची विचारपूस आणि उपासनेतील साहाय्य ही कामे डीकनांकडे असत. सिरियातील डिडास्कॅलिआ (तिसरे शतक) या ग्रंथात डीकनला बिशपचे कान व मुख म्हटले आहे. स्त्रियांच्या सेवेसाठी त्यात स्त्री-डीकनांचीही तरतूद आहे. रोमचा बिशप कॉर्नेलिअस याच्या २५१ मधील पत्रानुसार तेथील चर्चमध्ये ४६ प्रेस्बिटर व केवळ ७ डीकन होते आणि १,५०० हून अधिक विधवा व गरजू यांचे पोषण चर्च करीत असे. इतक्या मोठ्या दानव्यवहारात मोजक्या डीकनांच्या हाती स्वाभाविकपणे प्रभाव आला. पुढे सेंट जेरोम (सु. ३४७–४२०) याने एका पत्रात रोममधील डीकनांच्या अहंतेवर कठोर टीका केली. बिशप व प्रेस्बिटर मूलतः एकच होते आणि दीक्षा देण्याचा अधिकार वगळता बिशप करतो ते सारे प्रेस्बिटरही करू शकतो, असे त्याने प्रतिपादिले.

नियमबद्धता : चौथ्या शतकातील धर्मपरिषदांनी या चढाओढीस विधिरूप उत्तर दिले. आर्लच्या परिषदेने (३१४) डीकनांनी प्रभुभोजनाचे अर्पण करण्यास मनाई केली. नायसीयाच्या परिषदेने (३२५) आपल्या अठराव्या नियमानुसार डीकनांनी प्रेस्बिटरांना प्रसाद देऊ नये, त्यांच्यामध्ये आसनस्थ होऊ नये व त्यांच्यानंतरच प्रसाद घ्यावा, असे ठरविले. प्रेस्बिटरची वयोमर्यादा निओसीझरीआच्या परिषदेने किमान तीस वर्षे ठरविली होती.

बिशपवरील बंधने याहून महत्त्वाची होत. नायसीयाच्या चौथ्या नियमानुसार नव्या बिशपच्या नेमणुकीस प्रांतातील किमान तीन बिशपांची उपस्थिती, इतरांची लेखी संमती व महानगराच्या बिशपची मान्यता आवश्यक ठरली. एखाद्या बिशपने कोणास बहिष्कृत केल्यास ते वैयक्तिक आकसापोटी तर नाही ना, याची चौकशी वर्षातून दोनदा भरणाऱ्या प्रांतिक सभेने करावी, असा पाचवा नियम आहे. बिशप, प्रेस्बिटर व डीकन या तिघांनाही एका नगरातून दुसऱ्या नगरात जाण्यास पंधराव्या नियमाने बंदी केली. अँटिऑकच्या नियमांनी चर्चची संपत्ती गरजूंसाठी वापरण्याचा अधिकार बिशपला दिला. परंतु ती स्वतःसाठी वा आप्तांसाठी वापरल्यास त्यास सभेपुढे उत्तरदायी केले. कॅल्सिडॉनच्या परिषदेने (४५१) प्रत्येक बिशपने आपल्या याजकवर्गातून स्वतंत्र कारभारी नेमावा, म्हणजे चर्चचा व्यवहार साक्षीवाचून राहणार नाही, असे सांगितले.

उत्तरकाल : डायोनिशिअस एक्सिगस याने सु. ५०० मध्ये रोम येथे केलेल्या संकलनामुळे हे नियम लॅटिन जगात प्रमाण ठरले. पश्चिमेकडे पुढे डीकनपद प्रेस्बिटरपदाची केवळ पायरी होऊन राहिले. रोमन कॅथलिक चर्चने १९६७ मध्ये कायम डीकनपदाचे पुनरुज्जीवन केले. नागपूर येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियानेही बिशप, प्रेस्बिटर व डीकन हीच तीन पदे स्वीकारली.