विकत घेतलेल्या गेमचा मालक कोण?

डिजिटल गेमचे वितरण मुख्यत्वे दोन प्रकारे होते. डाउनलोड सेवेत गेमच्या फाइली ग्राहकाच्या संगणकावर उतरतात. स्ट्रीमिंगमध्ये मात्र गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि ग्राहकाच्या पडद्यावर इंटरनेटद्वारे केवळ चित्र व ध्वनी पोहोचतो. दोन्हींत सहसा मिळते ती मालकी नव्हे, तर वापराचा परवाना.

स्ट्रीमिंगची मर्यादा गुगलच्या ‘स्टेडिया’ने दाखवून दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. विकत घेतलेल्या गेमचे पैसे गुगलने परत केले. गेम मात्र ग्राहकांच्या हाती उरले नाहीत.

डाउनलोड केलेला गेमही कायम राहीलच असे नाही. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ (२०१४) या गेमला सर्व्हरशी सतत जोडणी लागत असे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि डिस्क बाळगणाऱ्यांनाही तो खेळता येईना.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा यासंबंधीचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार ‘खरेदी’ हा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याने प्रत्यक्षात परवानाच दिला जात असल्याचे स्पष्ट करणे बंधनकारक आहे. कायमस्वरूपी उतरवून इंटरनेटविना वापरता येणारी उत्पादने त्यातून वगळली आहेत. ‘जीओजी’ या ऑनलाइन दुकानात अशा इन्स्टॉलर फाइली मिळतात. तेथेही कागदोपत्री परवानाच असतो. पण जपून ठेवलेली फाइल दुकानाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

सर्व्हर बंद झाल्यावर गेम चालेल का, हे पैसे भरण्यापूर्वीच तपासणे म्हणूनच हिताचे ठरते.