पूजेतला नमस्कार पटांगणात कसा आला

जानेवारी उजाडला की घरोघरी सूर्यनमस्काराचे संकल्प सोडले जातात. शाळांच्या पटांगणांवर रथसप्तमीच्या सामूहिक नमस्कारांची तयारी सुरू होते, कपाटावर गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या खाली येतात. हा व्यायाम वेदकाळापासून जसाच्या तसा चालत आला आहे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. त्याची खरी कुळकथा वेगळी आहे, आणि आज पहिला नमस्कार घालू पाहणाऱ्याला ती धीर देणारी आहे.

या कुळाचं मूळ पूजेत आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ५०व्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचांमध्ये उगवत्या सूर्याकडे हृदयाचा विकार आणि कावीळ दूर करण्याची प्रार्थना आहे. या तीन ऋचांना बीजमंत्र आणि सूर्याची नावं जोडून घालायच्या नमस्कारांना तृचाकल्प नमस्कार म्हणतात. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर ही बारा नावं आजही आपल्या तोंडी आहेत. शेवटी सगळी नावं मिळून तेरावा नमस्कार घालायची रीतही अनेक घरांत आहे. आरोग्याचं मागणं मुळातच या प्रार्थनेत होतं. मात्र हा नमस्कार म्हणजे जमिनीवर घातलेलं दंडवत होतं. कोणत्या अंकाला कोणता पाय मागे न्यायचा, याचा हिशेब त्यात नव्हता.

योगाच्या जुन्या ग्रंथांत तो हिशेब सापडेल असं वाटतं, पण तिथेही तो नाही. ‘हठप्रदीपिका’ आसनं सांगते, प्राणायाम आणि मुद्रा सांगते. सूर्यनमस्कार सांगत नाही. या ग्रंथावर एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदांनी ‘ज्योत्स्ना’ ही टीका लिहिली. तिच्यात सूर्यनमस्काराचा उल्लेख येतो तो शरीराला फार शिणवणाऱ्या, म्हणून साधकाने टाळायच्या गोष्टींमध्ये. म्हणजे तोवर पुष्कळ नमस्कार घालण्याची चाल रूढ होती, पण हठयोग्यांनी तिला आपलं म्हटलेलं नव्हतं.

महाराष्ट्राने मात्र ती आपली म्हटली. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला तप करताना रोज बाराशे नमस्कार घातले, असं परंपरा सांगते. आकडा श्रद्धेचा आहे, पण देवभक्ती आणि बलोपासना एकाच मारुतीच्या देवळात नांदू शकतात, ही समजूत समर्थ संप्रदायाने गावोगाव रुजवली. तालमीत जोर काढणारा पैलवान हात रोवून छाती जमिनीलगत नेतो आणि पुढून वर काढतो. सूर्यनमस्काराच्या मधल्या अंकांशी ही चाल इतकी जुळते की दोघांचं नातं सहज दिसतं. देवघर आणि तालीम इतकी जवळ आल्यावर त्या दोन्हींना एका शिस्तीत बसवणारा माणूस तेवढा हवा होता.

तो साताऱ्याकडच्या औंध संस्थानात मिळाला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे तिथले राजे, शिवाय चित्रकार, कीर्तनकार, औंधच्या वस्तुसंग्रहालयाचे निर्माते. तरुणपणी बाळासाहेबांवर युजेन सँडो या युरोपभर गाजलेल्या शरीरसौष्ठवपटूचा प्रभाव होता. सँडोची पुस्तकं आणि साधनं आणून त्यांनी सुमारे दहा वर्षं तो व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. वडिलांच्या काळापासून घरात असलेल्या उपासनेकडे ते अशा रीतीने व्यायामाच्या वाटेने परत आले, आणि मग आयुष्यभर तो नेम त्यांनी सोडला नाही.

त्यांचं खरं काम इथून सुरू होतं. त्यांनी नमस्काराचे दहा अंक पक्के केले. हात जोडून उभं राहणं, वाकून तळवे टेकणं, एक पाय मागे, मग दुसरा, साष्टांग, छाती वर, कंबर वर, पाय पुढे, दोन्ही पाय जवळ आणि पुन्हा उभं राहणं. एकदा टेकलेले तळवे मधल्या अंकांत जागचे हलू द्यायचे नाहीत, ही त्यातली कसोटी. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा ते ठरवलं. बीजमंत्रांचा मोठ्याने उच्चार ठेवला, कारण त्या नादाचा शरीरावर परिणाम होतो असा त्यांचा विश्वास होता. संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे केले. राणीसाहेब आणि मुलंही रोज घालत. एकट्याने पहाटे करायची उपासना अशी वर्गाने मिळून करायची कवायत झाली.

१९२८च्या सुमारास औंधहून सूर्यनमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. १९३६ साली ते लंडनला गेले असताना लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. साठी ओलांडलेल्या राजाची तब्येत पाहून त्या चकित झाल्या, आणि १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली लंडनमध्ये दहा अंकांचं हे पुस्तक नव्याने प्रसिद्ध झालं. राजांचे चिरंजीव, राजनैतिक अधिकारी अप्पासाहेब पंत यांनीही पुढे या विषयावर पुस्तक लिहिलं. इकडे म्हैसूरच्या राजवाड्यात १९३०च्या दशकात योगाचार्य कृष्णमाचार्यांची योगशाळा होती, आणि सूर्यनमस्काराचे वर्ग तिच्याहून वेगळे चालत. तिथल्या परंपरेत तयार झालेल्या पट्टाभि जोईस यांनी आसनांची मालिका नमस्कारांनीच सुरू केली. आसनं आणि नमस्कार एकत्र आले ते असे, विसाव्या शतकात. मागे झुकून हात वर नेण्याची स्थिती सुरुवातीला आणि शेवटी धरली की दहाचे बारा अंक होतात. आज अनेक शाळांत शिकवतात तो हाच बारा अंकांचा नमस्कार.

ही कुळकथा कळल्यावर नमस्काराचा मान कमी होतो, असं मला मुळीच वाटत नाही. उलट मला त्याच्याविषयी जास्त आपुलकी वाटते. कोणा एका ऋषीने एका दिवशी तो घडवला नाही. प्रार्थना करणाऱ्यांनी त्याला नावं दिली, तालमीने ताकद दिली, औंधच्या राजाने अंक दिले, शाळेतल्या मास्तरांनी लय दिली. जो तो आपल्या रोजच्या जगण्यात तो बसवत गेला, म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला. ज्या दिवशी लोक तो घालायचे थांबतील, त्या दिवशी कितीही प्राचीन असला तरी तो संपेल.

म्हणून नव्या वर्षात तो सुरू करणाऱ्याने आकड्याच्या मागे लागू नये. पोटात अन्न नसताना, सकाळी, तीनच घालावेत. पण सावकाश, प्रत्येक अंकाला श्वास सांभाळून. रथसप्तमीपर्यंत ते अंगवळणी पडले तर हळूहळू बारापर्यंत जावं. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. गुडघे ताठ राहत नसतील तर वाकवावेत, कपाळ टेकत नसेल तर सोडून द्यावं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सहा घालून भरपाई करू नये, पुन्हा तीन घालावेत. जमलं तर घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी उभं करून अंक मोजायला सांगावं. नमस्कार आजवर पुढच्या पिढीकडे गेला तो प्रामुख्याने असाच, शेजारी उभं राहून.