कोष्टकाच्या घरांतून परभाषेला हांक

हिशेबाचें कोष्टक कागदावर मांडणाऱ्या कारकुनाला एका गोष्टीचा धाक असे. वरच्या ओळींतील एक आंकडा बदलला, कीं त्याच्या आधारावर उभे असलेले खालचे सारे आंकडे खोडून पुनः मांडावे लागत. हा जाच यंत्रावर सोपविण्याची कल्पना १९७८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत व्यापारशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन ह्या विद्यार्थ्याला सुचली. बॉब फ्रँक्स्टन ह्याच्या साह्यानें ती सिद्धीस गेली आणि १९७९ सालीं ‘व्हिजिकॅल्क’ हें पहिलें लोकप्रिय संगणकी कोष्टक बाजारांत आलें. त्याची गणना मात्र ओळीमागून ओळ किंवा स्तंभामागून स्तंभ अशी चाले. एखाद्या सूत्राचा आधार पुढच्या घरांत असला, तर पहिल्या फेरींत उत्तर चुकीचें येई. १९८३ सालच्या ‘लोटस १-२-३’नें हा दोष दूर केला. कोणतें घर कोणत्या घरावर अवलंबून आहे हें तें स्वतःच ओळखी आणि त्याच क्रमानें हिशेब करी. संगणकी कोष्टकावर माणसांनीं जो विश्वास टाकला, तो मुख्यतः ह्या ओळखीवर.

पुढें कोष्टकाचीं तयार सूत्रें अपुरीं पडूं लागलीं. विमेवाल्याचा हिशेब निराळा, प्रयोगशाळेंतील मोजमापांचा त्याहून निराळा. ‘लोटस’मध्यें कळा दाबण्याचा क्रम घरांत लिहून ठेवण्याची सोय होती, तिलाच मॅक्रो म्हणत. परंतु खरा पालट १९९३ सालीं झाला. त्या वर्षीं ‘एक्सेल’च्या पांचव्या आवृत्तींत व्हिज्युअल बेसिक ही आज्ञाभाषा आली. आतां वापरणाऱ्यानें स्वतः फंक्शन लिहावें, त्याला नांव द्यावें, आणि बेरजेच्या सूत्राप्रमाणेंच त्याला कोणत्याहि घरांतून हांक मारावी, हें सर्वांच्या आटोक्यांत आलें.

ह्या सोयीला एक अट होती. घरांतून हांक मारलेल्या फंक्शननें उत्तर तेवढें द्यावें; दुसऱ्या घरांतील मजकूर त्यानें बदलूं नये. अट कडक होती, पण शहाणपणाची होती. तरीहि एक फट उरलीच. व्याज काढणारें फंक्शन घ्या. मुद्दल आणि मुदत त्याला कंसांत दिली, पण व्याजाचा दर तें दुसऱ्या एका घरांतून गुपचूप वाचीत असलें, तर त्या दराशीं असलेलें नातें कोष्टकाला कळत नाहीं. दर बदलतो आणि व्याज जुनेंच राहतें. कागदावर खोडाखोड तरी दिसे. येथें शिळा आंकडा ताज्या आंकड्यासारखाच दिसतो.

पायथन ही भाषा गिडो व्हान रोसम ह्यांनीं १९९१ सालीं ॲमस्टरडॅमच्या गणितसंस्थेंतून प्रसिद्ध केली. आंकड्यांच्या पृथक्करणांत तिचा बोलबाला झाल्यावर कोष्टकवाल्यांनाहि ती हवीशी वाटली. २०१४ सालीं निघालेल्या ‘एक्सएल-विंग्ज’सारख्या साधनांनीं त्याच संगणकावर चालणाऱ्या पायथनशीं एक्सेलची गांठ घालून दिली. ह्यांत प्रत्येक हांकेला दोन प्रोग्रामांमध्यें एक खेप पडते. हजार घरांनीं हजार हांका मारल्या, तर कोष्टक रखडतें. म्हणून सबंध स्तंभ एकाच खेपेंत पाठवावा, हा व्यवहार पडला.

२०२३ च्या ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्टनें पायथन थेट घरांत आणल्याचें जाहीर केलें. घरांत लिहिलेला पायथन चालतो मात्र कंपनीच्या दूरच्या संगणकावर, आणि तेथें त्याला वापरणाऱ्याच्या फायली किंवा इंटरनेट उघडतां येत नाहीं. ह्या पायथनच्या घरांची गणना डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ अशी होते. वरच्या घरानें ठरविलेलें नांव खालच्या घराला वापरतां येतें, खालचें वरच्याला नाहीं. ‘लोटस’नें मोडलेला व्हिजिकॅल्कचा क्रम चाळीस वर्षांनंतर अशा रीतीनें परत आला. त्याचें कारणहि तेंच आहे: परक्या भाषेंतील नांवांचीं परस्पर नातीं कोष्टकाला दिसत नाहींत.

म्हणून जाणता हिशेबनीस जुना व्याजाचा धडा आजहि गिरवितो. फंक्शनला जें जें लागतें, तें तें त्याच्या कंसांत उघडपणें लिहावें. दर लपवून ठेवला, तर तो बदलल्याचें कोष्टक कोणालाहि सांगत नाहीं.