सखाराम पंडितांचा दुसरा खटला

सखाराम गणेश पंडित १९०६ साली अमेरिकेत पोचले. व्याख्याने देत ते तिथे स्थिरावले, १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिले आणि १९१७ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली. नागरिकत्वासाठी धडपडणाऱ्या भारतीयांचे खटले त्यांच्याकडे येऊ लागले.

प्रश्न १७९० च्या कायद्याचा होता. नागरिकत्व फक्त मुक्त ‘गोऱ्या’ माणसांना. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीय माणूस यात कुठे बसतो, हे ज्या त्या न्यायाधीशाच्या मर्जीवर होते.

भगतसिंग थिंद हे अमेरिकी लष्करात नोकरी केलेले पंजाबी. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा पंडित त्यांच्या वकिलांपैकी एक होते. थिंद उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे, असा युक्तिवाद झाला. आज तो वाचताना टोचतो. एका भेदाच्या भिंतीतून आत शिरण्यासाठी जातीच्या भेदाचा आधार घेतला होता. तोही कामी आला नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, गोरा कोण हे मानववंशशास्त्र नव्हे, सामान्य माणसाची समजूत ठरवते.

मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही रद्द करायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बागाई यांनी नागरिकत्व गमावल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली.

नोटीस पंडितांनाही आली. सनद, मालमत्ता, अमेरिकी पत्नीचे नागरिकत्व, सगळेच पणाला लागले. या वेळी त्यांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला. १९१४ मध्ये सरकारचा माणूस कोर्टात हजर होता, त्याने हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली आणि सरकारने अपील केले नाही. मग निकाली निघालेला प्रश्न पुन्हा उकरायचा कसा? हा मुद्दा अचूक बसला. स्थलांतरितांच्या वकिलाचे खरे कसब इथे दिसते: मोठ्या तत्त्वावर हरल्यावर जुन्या कागदांत आधार शोधायचा. खालचे कोर्ट पंडितांच्या बाजूने गेले, १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. भारतीयांविरुद्धचे उरलेले दावे सरकारने सोडून दिले.

नव्याने येणाऱ्यांसाठी मात्र दार बंदच राहिले. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने ते उघडले, आणि तेही वर्षाला अवघ्या १०० भारतीयांपुरते.