टाटा नेक्सॉन ईव्ही : ऊर्जा-कार्यक्षमता व मालकी खर्च

टाटा नेक्सॉन ईव्ही ही टाटा मोटर्सने विकसित केलेली, बॅटरीवर चालणारी पाच आसनी छोटी एसयूव्ही आहे. ती २८ जानेवारी २०२० रोजी १३.९९ लाख रुपये या आरंभीच्या शोरूम किमतीस विक्रीस आली. तिचे सुरुवातीचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे होत असे. ऊर्जेच्या वापरात ही मोटार पेट्रोल मोटारीपेक्षा कितीतरी काटकसरी आहे. मात्र त्यातून मालकाची प्रत्यक्ष बचत किती होते, हे मासिक धाव, चार्जिंगची जागा आणि विजेचा दर यांवर ठरते.

बॅटरी व पल्ला

पहिल्या आवृत्तीत ३०.२ किलोवॅट-तास क्षमतेची, द्रवाने थंड ठेवली जाणारी लिथियम-आयन बॅटरी होती. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या संस्थेने तिचा पल्ला ३१२ किमी प्रमाणित केला होता. मे २०२२ मध्ये ४०.५ किलोवॅट-तासांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स (पल्ला ४३७ किमी) आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ किलोवॅट-तासांची आवृत्ती (पल्ला ४८९ किमी) आली.

प्रमाणित पल्ला ठरावीक वेग व ठरावीक परिस्थितीत मोजला जातो, त्यामुळे रस्त्यावरील पल्ला त्याहून कमी असतो. ४५ किलोवॅट-तासांच्या आवृत्तीसाठी उत्पादकाने स्वतःच ३५० ते ३७० किमी असा प्रत्यक्ष वापरातील अंदाजही दिला आहे. खरेदीचा विचार करताना हाच आकडा अधिक उपयोगी ठरतो.

ऊर्जा-कार्यक्षमता

पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो; उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युत मोटारीत बॅटरीतील ऊर्जेचा बहुतांश भाग चाकांना मिळतो, शिवाय ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. लिटरला १५ किमी धावणारी मोटार १०० किमीसाठी सुमारे ६० युनिटांइतकी ऊर्जा खर्च करते. नेक्सॉन ईव्हीला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधील गळती धरून, साधारण १४ युनिट लागतात.

हा वापर वेगानुसार बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० किमी वेगाने जाताना तो दीडपटीहून अधिक होतो. शहरातील संथ रहदारीत मात्र वातानुकूलन यंत्राचा भार प्रति किमी अधिक जाणवतो.

सोलापूरच्या संदर्भात

सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे २५० किमी आहे. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या मार्गावर ३०.२ किलोवॅट-तासांच्या मोटारीला वाटेत एकदा चार्जिंग करावे लागते. ४५ किलोवॅट-तासांची मोटार मध्यम वेगाने हे अंतर एका चार्जमध्ये कापू शकते, परंतु वेग वाढल्यास हाताशी फारसा पल्ला उरत नाही. अक्कलकोट, तुळजापूर व पंढरपूर येथे जाऊन-येऊन प्रवास दोन्हींच्या आवाक्यात आहे.

उन्हाळ्यात सोलापूरचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अतिउष्णतेत पूर्ण चार्ज करून बॅटरी दीर्घकाळ उभी ठेवल्यास तिची झीज वेगाने होते. म्हणून सावलीत वाहन उभे करणे व लांबच्या प्रवासाआधीच पूर्ण चार्ज करणे हितावह मानले जाते.

मालकी खर्च

पुढील हिशेब उदाहरणादाखल असून त्यातील दर गृहीत धरलेले आहेत : घरगुती वीज १० रुपये प्रति युनिट, सार्वजनिक जलद चार्जिंग २० रुपये प्रति युनिट, पेट्रोल १०५ रुपये प्रति लिटर आणि तुल्य पेट्रोल मोटारीपेक्षा ४ लाख रुपये अधिक किंमत.

• घरी चार्जिंग : प्रति किमी १.४० रुपये
• सार्वजनिक जलद चार्जिंग : प्रति किमी २.८० रुपये
• पेट्रोल (लिटरला १५ किमी) : प्रति किमी ७ रुपये

महिन्याला १,२०० किमी धाव आणि घरचे चार्जिंग असल्यास वर्षाला सुमारे ८०,६०० रुपये वाचतात व जास्तीची किंमत ५ वर्षांत भरून निघते. केवळ सार्वजनिक केंद्रांवर विसंबल्यास हा काळ साडेसहा वर्षांच्या पुढे जातो. महिन्याला ४०० किमीच धाव असेल, तर घरी चार्जिंग करूनही सुमारे १५ वर्षे लागतात. पहिल्या आवृत्तीच्या बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी, यांपैकी जे आधी होईल तेवढीच होती. त्यामुळे कमी फिरणाऱ्या कुटुंबाला केवळ इंधनबचतीच्या आधारे खरेदीचे समर्थन करणे कठीण जाते. कर्जावरील व्याज व पुनर्विक्री किंमत या हिशेबात धरलेली नाही.

महावितरणचे घरगुती वीजदर टप्प्यांनुसार (१००, ३०० व ५०० युनिटांच्या मर्यादांनी) वाढतात. वरील धावेसाठी महिन्याला सुमारे १६८ युनिट जादा लागतात आणि घराचा वापर वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. म्हणून बिलातील सरासरी दराऐवजी वरच्या टप्प्याचा दर धरून हिशेब करावा लागतो. छतावरील १ किलोवॅट सौर संचातून दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. स्वतःचे छत असल्यास हा खर्च आणखी घटतो. भाड्याने राहणाऱ्यांना किंवा वाहनतळावर स्वतंत्र वीजजोडणी नसलेल्यांना हा लाभ घेता येत नाही.

विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्के करण्यात आला. विद्युत खासगी मोटारींच्या तृतीय पक्ष विम्यावर जून २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे. इंजिन तेल, स्पार्क प्लग व क्लच नसल्याने देखभालखर्चही कमी येतो. टायर व सस्पेन्शनचा खर्च मात्र राहतोच.

पर्यावरणीय बाजू

भारतातील बरीचशी वीज कोळशावर तयार होते. सोलापूरजवळचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्पही औष्णिक आहे. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास नेक्सॉन ईव्हीचे १०० किमीमागील उत्सर्जन सुमारे १० किलो, तर वरील पेट्रोल मोटारीचे सुमारे १५ किलो होते. बॅटरीनिर्मितीतील उत्सर्जन यात धरलेले नाही. विजेतील सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल, तसतसा हा फरकही वाढत जाईल.